एकपानी आणि दुसरी खुर्ची

“आधी एवढं अंगात मुरू दे, मग पान उलटू.”

न्हाव्याच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं होतं, की एखाद्या गिऱ्हाइकाने “मग, कुठवर आलं वाचन?” असं विचारलं तरी त्याला तोंड उघडावं लागत नसे. बाकावर बसलेली माणसंच एका सुरात उत्तर देत आणि तो कात्री न थांबवता मान हलवून दुजोरा देई. चेष्टा चाललीय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण उत्तर बरोबर आहे, मग ते चेष्टेत दिलं म्हणून दुरुस्त कशाला करायचं, एवढाच त्याचा विचार.

वाचन म्हणजे धर्मग्रंथाचं. लग्नाच्या दिवशी आईने तो जाडजूड ग्रंथ त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली होती, “वाचायचा तर नीट वाच, नाहीतर कापडात बांधून ठेव.” त्याने नीट वाचायचं ठरवलं. प्रार्थनाघरातली बाकीची माणसं ग्रंथ संपवत, पुन्हा पहिल्या पानापासून धरत आणि कितव्यांदा संपला ते जाता जाता दुसऱ्याच्या कानावर घालत. त्याच्या बायकोनेही तो कितीदा तरी संपवला होता. तिचं वाचन भरभर, स्वच्छ आणि ठसक्यात. सभेत कधी वाचायची वेळ आली तर बायका माना डोलावत. न्हावी मात्र सगळ्या संसारात सुरुवातीच्या मूठभर पानांपलीकडे सरकला नव्हता. म्हणून प्रार्थनाघरात त्याचं नाव पडलं ‘एकपानी’. खरं तर पानं एकाहून जास्त झाली होती, पण नाव एकदा पडलं की त्यात कोणी दुरुस्ती करत नाही.

तो मंद होता असं कोणी समजू नये. फेसाने दाढी भिजेपर्यंतच्या वेळात तो वर्तमानपत्र मथळ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढी. ग्रंथाची गोष्ट वेगळी. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे, चष्मा पुसे, एक वाक्य मोठ्याने वाची आणि ग्रंथ मिटे. मग पडदा बाजूला करून पुढच्या खोलीतल्या दुकानात जाई आणि दिवसभर ते वाक्य करून बघी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. वाक्य झालं केव्हा, याचाही त्याने नियम केला होता. वाक्य आठवायच्या आधीच हातून तसं घडलं, तर ते झालं. आठवून केलं, तर अजून झालं नाही.

ऐकायला सोपं आहे. ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा न्हाव्याच्या धंद्यात करून बघावं.

‘खरं तेच बोलावं’ या वाक्याच्या काळात एका गिऱ्हाइकाने आरशात बघत विचारलं, “टक्कल दिसतंय का हो आता?”

“दिसतंय,” न्हावी म्हणाला. “मागून जास्त.”

दुसऱ्या एकाने लग्न ठरल्याच्या आनंदात विचारलं, “मिशी ठेवू का काढू?”

“ठेवा. तेवढाच चेहरा झाकला जाईल.”

बायको पडद्यामागे कपाळावर हात मारून घेई. पण यातून निभावलं. टक्कलवाला काही महिने फिरकला नाही, मग आपणहून आला आणि म्हणाला, “बाकी सगळे खोटं सांगतात. इथे निदान कळतं तरी.”

त्यानंतर आलं ते वाक्य धंद्याच्या मुळावरच उठलं. ‘जो समोर नाही त्याची गोष्ट करू नये.’ न्हाव्याचं दुकान आणि त्यात कोणाची गोष्ट नाही! कोणी म्हटलं, “ऐकलंत का, त्या छापखानेवाल्याचं?” की न्हावी म्हणे, “तो आला की त्यालाच विचारू,” आणि कात्री चालू करी. दुकानात कात्रीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. बाकावरची माणसं आढ्याकडे बघून बघून कंटाळली आणि एकेक करून रस्ता ओलांडून समोर गेली.

समोर दुसरा न्हावी होता. त्याला सगळे ‘समोरचा’च म्हणत. त्याच्या वस्तऱ्याला धार नव्हती, पण जिभेला होती. सगळ्या वस्तीची खबर त्याच्याकडे ताजी मिळे.

“अहो,” बायको कळवळून म्हणाली, “न्हाव्याच्या दुकानात माणसं काय केसांसाठी येतात?”

“मग मी आजवर कापत काय होतो?” त्याने खरोखरच विचारात पडून विचारलं.

बरेच दिवस दुकानात माश्या मारायचीच वेळ होती. मग हळूहळू माणसं परतू लागली, पण वेगळ्या कामाने. शाळेतले एक मास्तर आले. केस नुकतेच कापलेले, दाढी स्वच्छ. तरी खुर्चीत बसले. न्हाव्याने न विचारता मानेभोवती कापड बांधलं आणि नुसता कंगवा फिरवत राहिला. मास्तरांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. मास्तर आरशातल्या स्वतःशी बोलल्यासारखे बोलत होते. बोलून झाल्यावर उठले, कापड झटकलं आणि गेले. ती गोष्ट त्या खुर्चीतून खाली उतरली नाही. वस्तीत हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण ज्याला स्वतःचं काही सांगायचं असे तो इकडे येई आणि ज्याला दुसऱ्याचं ऐकायचं असे तो समोर जाई. दोन्ही दुकानं चालू लागली.

एकपानीचं एक होतं. झालेलं वाक्य त्याच्याकडून पुन्हा कधी सुटलं नाही. दुखण्यात नाही, घाईत नाही, मोठ्या माणसासमोरही नाही. बायको हे बघत आली होती, आणि म्हणूनच तिने एक सवय लावून घेतली होती. ती पुढचं वाक्य आधी वाचून ठेवी.

तिला ग्रंथ पाठच होता म्हणा, पण नवरा कुठे आहे आणि पुढे काय येणार याचा अंदाज घेतलेला बरा. ‘दारी आलेल्याला आधी जेवू घाल’ हे वाक्य येणार हे कळल्यावर तिने मोठं पातेलं घेतलं होतं. ‘वडीलधाऱ्यांना पुढे बसव’ यायच्या आधी दुकानातला बाक लांबवून घेतला होता, कारण सुट्टीच्या दिवशी वस्तीतले सगळे म्हातारे रांगेत पुढे बसणार आणि तरुण माणसं रस्त्यावर उभी राहणार हे तिला दिसत होतं. संसार असा वाक्यावाक्याने पुढे चालला होता आणि ती त्याच्या चार पावलं पुढे जाऊन वाटेतली भांडी उचलत होती.

मग आलं रागाचं वाक्य. ‘रागाला घरात जागा देऊ नये.’ आणि न्हावी होता जन्माचा तापट. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरच राग. बायकोला वाटलं, आता म्हातारपणापर्यंत काळजी नाही.

हे वाक्य पानावरचं शेवटचं होतं. ते झालं की पान उलटणार. सवयीप्रमाणे तिने उलटून बघितलं. पुढच्या पानावरचं पहिलं वाक्य असं होतं: ‘ज्याच्याकडे दोन आहेत आणि शेजाऱ्याकडे एकही धड नाही, त्याने सूर्य मावळायच्या आत एक द्यावं.’

तिने पडदा सारून दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं.

आता दुसऱ्या खुर्चीचं सांगायला हवं. न्हाव्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक त्याची स्वतःची, जुनी, हाताच्या टेकूवरचं कातडं झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरी नवीन. गोल फिरणारी, खटका दाबला की वर-खाली होणारी, मान टेकायला गादी असलेली. ती बायकोने शिवणकाम करून घेतली होती, डोळे फुटेस्तोवर गणवेशांना काजं करून. घेतली ती आपल्या धाकट्या भावासाठी.

धाकट्याची तिशी उलटली होती आणि तो जिथे जिथे कामाला गेला तिथून तिथून परत आला होता. पाव भाजायच्या भट्टीवर तो पाव जाळी. विजेच्या कामात त्याला इतके झटके बसले की मालकालाच दया आली. रखवालदार म्हणून ठेवला तर पहिल्याच आठवड्यात चोराने त्याला झोपेतून उठवून रस्ता विचारला, असं लोक सांगत. शेवटी दाजींनी हातात वस्तरा दिला आणि काय आश्चर्य, त्याचा हात बसला. दाढी करताना त्याचा हात असा हलका फिरे की गिऱ्हाइकाला डुलकी लागे. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याचं नाव विचारत येत होती. माळ्यावर झोपणारा हा माणूस सकाळी उठून दुसरी खुर्ची फडक्याने पुसे, घोड्याला खरारा करावा तशी.

आणि समोरच्याची खुर्ची मोडलेली होती. पाठ निखळलेली, खाली लाकडाचा ठोकळा दिलेला. बसणाऱ्याला तो आधीच बजावी, “मागे रेलायचं नाही हं.” एकदा एक गिऱ्हाईक गोष्टीच्या रंगात येऊन रेललं आणि तोंडाला फेस असतानाच उताणं पडलं. त्या वेळी एकपानी आपल्या दारात उभा होता. त्याने चुकचुकत समोर बघितलं, मग वळून आपल्या दोन खुर्च्यांकडे बघितलं. ते बघणं बायकोने पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. पान उलटलं की ती खुर्ची कुठे जाणार, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

तिने हे धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, दाजी रागीट आहेत तोवर मी आहे.”

पुढे जे झालं त्याची सुरुवात चुकून झाली. न्हावी काही महिने अगदी शांत होता. एक दिवस तो हसतमुखाने स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “मला वाटतं, होत आलंय.” आणि त्याच क्षणी बायको त्याच्या चांगल्या कात्रीने दुधाची पिशवी कापत होती.

न्हाव्याची केस कापायची कात्री म्हणजे काय, हे न्हाव्यालाच माहीत. तिने केसाशिवाय दुसरं काहीही कापलं की तिची धार जाते आणि मग ती केस कापत नाही, चावते. न्हावी असा ओरडला की पातेल्यावरचं झाकण पडलं. ओरडून झाल्यावर खाली बसला, श्वास घेतला आणि म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून.”

बायको पिशवी हातात धरून उभी होती. तिला वाट सापडली होती.

त्यानंतर नवऱ्याचा चेहरा फार शांत दिसू लागला की ती कात्री घेई. वर्तमानपत्र कापलं. पुठ्ठा कापला. कात्रीला तो सरावला तेव्हा तिने आपल्या मामांना राहायला बोलावलं. मामांना सगळ्या विषयांतलं कळत होतं. ते दिवसभर दुकानात बसून, “आमच्या वेळचे न्हावी असं धरत नसत,” एवढं एकच बोलत. मामांनी काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी न्हाव्याने कंगवा भिंतीवर फेकला आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिला यात आनंद होता असं नाही. त्याने कंगवा उचलून त्याचे मोडलेले दात बघत बसावं आणि तिने भाजी चिरत खाली मान घालावी, असं ते चालायचं. पण धाकटा सकाळी शीळ घालत खुर्ची पुसताना दिसला की ती मन घट्ट करी.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघरात सभा असे. सभेत ग्रंथ वाचून दाखवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे ‘वाचक’ म्हणत. त्या दिवशी सभा सुरू व्हायच्या आधी न्हावी त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, “आजपासून मी मागे बसतो.”

“का हो, एकपानी? पुढे ऐकू जास्त येतं.”

“ऐकायला येतंय. होत नाही.”

“अहो, आमचं तरी कुठे सगळं होतंय? वाचत राहायचं.”

“ते बरोबर,” न्हावी म्हणाला, आणि जाऊन चपलांजवळच्या बाकावर बसला. आसपासची माणसं हसली. बायको बायकांच्या रांगेत होती. तिला हसू आलं नाही. त्या दिवशी तिने वाचलं, पण ठसका नेहमीचा नव्हता. शेजारणीने विचारलं, “घसा बसलाय का गं?”

आणि मग एका ठेकेदाराची गोष्ट घडली. ठेकेदार दाढीला बसला होता. मध्येच फोन वाजला, त्याने मान झटकन वळवली आणि वस्तरा लागला. टिचभर रक्त. ठेकेदाराने सगळं दुकान डोक्यावर घेतलं, न्हाव्याच्या सात पिढ्या काढल्या आणि मानेभोवतीचा टॉवेल काढून त्याच्या तोंडावर फेकला. धाकटा पुढे झाला. न्हाव्याने टॉवेल उचलला, घडी घातली, तुरटी ओली केली आणि म्हणाला, “थोडी आग होईल हं.” ठेकेदार बोलायचा थांबला. उरलेली दाढी पूर्ण झाली.

न्हाव्याला वाक्य आठवलं ते ठेकेदार रस्त्याच्या वळणापलीकडे गेल्यावर. तो तिथेच दुकानाच्या मधोमध उभा राहिला, हातात तुरटी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला. चष्मा दोनदा पुसला. धाकटा चहाचा कप घेऊन पडद्यापाशी उभा होता. त्या सकाळी खुर्ची पुसायला गेला नव्हता.

“झालं गं एकदाचं,” न्हावी बायकोला म्हणाला. “काल मला आठवलंच नाही. हातून आपोआप झालं.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“या वाक्याने मला फार दमवलं. बाकीची मुरली, हे काही केल्या मुरेना. मग वाटायला लागलं, की आधीचीही मुरली नसतील. वरवर चिकटली असतील. माझ्या श्रद्धेलाच बूड नसेल. कधी कधी सकाळी ग्रंथ उघडायचा धीर व्हायचा नाही. तुला सांगितलं नाही मी.” त्याने पानाचा कोपरा बोटांत धरला.

“थांबा,” ती म्हणाली. “उलटू नका.”

“का?”

“ते वाक्य मुरत नव्हतं, कारण मी मुरू देत नव्हते.”

धाकट्याने डोळे मिटून घेतले.

“म्हणजे?” न्हाव्याने विचारलं.

“कात्री.”

“कात्रीचं काय?”

“दुधाची पिशवी चुकून कापली. पुढचं सगळं मुद्दाम.”

“सगळं म्हणजे?”

“कागद. पुठ्ठा. एकदा पायपुसणं.”

“पायपुसणं?” न्हाव्याचा आवाज अजून जागेवर होता. “कसलं पायपुसणं?”

“दारातलं. त्याची कड निघाली होती. काथ्याचं.”

न्हावी उभा राहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग इतका मोठ्याने ओरडला की समोरचा अर्धी दाढी टाकून दारात आला. “काथ्या! माझ्या कात्रीने काथ्या! अगं, त्या कात्रीने मी माझ्या बापाचे शेवटचे केस कापलेत!” मग एकदम काहीतरी आठवून त्याने विचारलं, “मामा? मामापण?”

“मीच बोलावलं होतं.”

“मामा!” तो पुन्हा ओरडला. या वेळी भांड्यांच्या फळीवरचा पेला खाली आला.

न्हावी उभ्याउभ्या धापा टाकत होता. त्याने ग्रंथाकडे बघितलं. पान उलटलेलं नव्हतं. त्याने तो हलक्या हाताने मिटला, “नाही झालं अजून,” म्हणाला, आणि पडदा सारून दुकानात गेला. थोड्या वेळाने सहाणेवर कात्री घासल्याचा आवाज येऊ लागला.

धाकट्याने बहिणीचा हात धरला. “ताई, सुटलो की गं! तुला अगदी वेळेवर सुचलं.”

“सुचलं नाही. खरंच सांगत होते.”

“कसं का असेना. खुर्ची राहिली ना? मग तोंड का असं केलंस?”

तिने पेला उचलून ठेवला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग टेबलाशी बसून तिने ग्रंथ ओढला आणि पान स्वतःच उलटलं.

ते वाक्य ती कितीदा तरी वाचून गेली होती. सभेतही वाचलं होतं, ‘सूर्य’ या शब्दावर जरा जोर देऊन. रोजच्या रस्त्यावरची दुकानाची पाटी वाचावी तसं. तिने कधी आत जाऊन काही घेतलं नव्हतं. नवऱ्याकडे ग्रंथातली चार पानं होती, पण त्या पानांवर तो उभा होता. मास्तर आले तेव्हा, ठेकेदाराने टॉवेल फेकला तेव्हा, तो हलला नव्हता. त्याच्या पायाखालचं जर कोणी काढून घेत होतं, तर ते घरातलंच माणूस. आणि तिला सगळा ग्रंथ तोंडपाठ होता, पण उभं राहायला त्यातलं एक वाक्य नव्हतं.

तिने खिडकीबाहेर बघितलं. ऊन नुकतं समोरच्या पत्र्यांवर आलं होतं. सूर्य मावळायला सबंध दिवस होता. वेळ नाही, असं म्हणायची सोय नव्हती.

ती दुकानात आली. “धाकट्या, खुर्ची उचलायला लाग.”

“कुठे घ्यायची? खिडकीपाशी?”

“समोर.”

“तेच म्हणतोय, खिडकी...” धाकटा थांबला. “ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दाजी थांबले, तर आता तू सुरू झालीस?”

“खुर्ची माझ्या शिवणाची आहे. मला देता येते.”

“आणि मी?”

“खुर्ची जातेय. तुझे हात जात नाहीत.”

“हात घेऊन कुठे उभा राहू? रस्त्यात?” त्याचा आवाज चिरकला. “ताई, मला पहिल्यांदा काहीतरी जमलंय गं.”

हे ऐकून तिचे डोळे भरले. पण तिने खुर्चीची पाठ धरली होती ती सोडली नाही. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच मी हे सगळं केलं. बघ त्याचं काय झालं ते. धर पुढून.”

न्हावी पाठमोरा कात्री घासत होता. आरशातून त्याला खुर्ची दाराबाहेर जाताना दिसली. तो घासायचा थांबला नाही, पण घासण्याचा ताल चुकला.

लोखंडी बुडाची ती खुर्ची दोघांनी वाकडी करून, ढकलत, रस्ता ओलांडून नेली. दोन सायकली थांबल्या. समोरचा दारात उभाच होता.

“वहिनी, हे काय? दुरुस्तीला?”

“तुम्हाला.”

“मला कशाला?”

“तुमच्याकडे एकही धड नाही म्हणून.”

समोरच्याने खुर्चीभोवती एक फेरी मारली. खटका दाबून बघितला. खुर्ची वर गेली, खाली आली. “यात काही अट वगैरे? मला ग्रंथ वाचावा लागेल? दुकानात गप्पा बंद कराव्या लागतील? तसं असेल तर मला मोडकी बरी.”

“काही नाही.”

“उद्या परत मागाल.”

“मागितली तर देऊ नका.”

“आणि यांना चालेल?” त्याने पलीकडे मान उडवली. “मघाशी काथ्या-काथ्या ओरडत होते ते कशाबद्दल होतं?”

“ते घरातलं होतं,” ती म्हणाली.

समोरच्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हे सगळं ऐकत ठोकळ्यावरच्या खुर्चीत ताठ बसलं होतं. ते आपणहून उठलं आणि नव्या खुर्चीत जाऊन मागे रेललं. मग सावकाश डोळे मिटले. समोरच्याला यावर बोलायला काही सुचलं नाही. वस्तीत हे पहिल्यांदाच घडलं असेल.

बहीण-भाऊ परत आले. दुकानात दुसऱ्या खुर्चीच्या जागी फरशीवर चार चकचकीत ठिपके राहिले होते. न्हावी त्यांच्याकडे बघत होता.

“ते वाक्य अजून आलं नव्हतं,” तो म्हणाला.

“तुमचं आलं नव्हतं. माझं येऊन किती दिवस झाले होते.”

न्हाव्याने यावर बराच विचार केला. त्याच्या कपाळावरची शीर अजून उडत होती. मग त्याने भिंतीवरची कातडी पिशवी काढली आणि तीत एकेक वस्तू भरायला लागला. वस्तरा, ब्रश, तुरटी, दोन कापडं, घासलेली कात्री. कात्री त्याने पिशवीच्या अगदी तळाशी घातली आणि वरून टॉवेल कोंबला.

“धाकट्या,” तो म्हणाला, “आजपासून माझ्या खुर्चीमागे तू उभा राहा.”

“आणि दाजी, तुम्ही?”

“मी चालून येतो. पलीकडच्या आळीतला शिंपी अंथरुणाला खिळलाय. त्याची दाढी छातीपर्यंत आली असेल. त्याच्यापुढे दोन म्हाताऱ्या राहतात, त्यांना जिना उतरवत नाही.”

“जेवायला येताय ना?” बायकोने विचारलं.

“मला राग आलेला आहे,” न्हावी सरळ म्हणाला. “रागातल्या माणसाने वस्तरा धरू नये. शिंप्याच्या घरापर्यंत उतरेल.”

“आणि नाही उतरला तर?”

“तर त्याच्या घरावरून पुढे जाईन. उतरला की वळेन.”

त्याने पिशवी खांद्याला लावली, पायरी उतरला आणि चालू लागला. चाल भरभर होती, मान ताठ. धाकटा झिजलेल्या टेकूवर हात ठेवून उभा होता. समोरचा ब्रश हवेत धरून दारात आला होता आणि त्याच्यामागे ते गिऱ्हाईक खुर्ची अर्धी फिरवून, गालावरच्या फेसासकट, मान उंच करून बघत होतं. बायको पायरीवर होती. न्हावी शिंप्याच्या आळीच्या तोंडाशी पोचला, क्षणभर थबकला, आणि आळीत न वळता तसाच पुढे गेला.